वस्तऱ्याची धार आणि सोसायटीतली साथ

माझ्या हातापायांवर आता पुन्हा पहिल्यासारखे केस आलेले आहेत, हे सगळ्यांच्या माहितीसाठी आधीच सांगून ठेवतो. आमच्या सोसायटीत कसलीही साथ नव्हती, पाण्यात कसलाही दोष नव्हता आणि टँकरवाला बिचारा निर्दोष होता. जे झालं ते एका वस्तऱ्यामुळं झालं. (म्हणजे माझ्यामुळं. पण वस्तऱ्यामुळं म्हणलं की मला जरा बरं वाटतं.)

हा वस्तरा मला आमच्या लेकीनं दिला. ऋतुजा पुण्यात नोकरीला लागली आणि दिवाळीला घरी येताना आईसाठी साडी आणि माझ्यासाठी एक लाकडी डबी घेऊन आली. डबीत मखमलीवर झोपलेला चकचकीत, घडीचा वस्तरा! ब्लेड बदलायची भानगड नाही, अख्खं पातंच पोलादाचं.

"पप्पा, तुम्हीच म्हणाला होता ना, तुमचे आजोबा वस्तऱ्यानं दाढी करायचे म्हणून?"

म्हणालो असेन. लेक लहान असताना बाप काहीबाही बोलत असतो. खरं सांगायचं तर माझ्या आजोबांना चांगली छातीपर्यंत दाढी होती. पण पोरीच्या डोळ्यांतलं कौतुक बघून मी तेव्हा गप्प बसलो आणि तिथंच फसलो.

लेक पुण्याला परत गेल्यावर पहिल्या रविवारी मी गालाला भरपूर फेस लावला, वस्तरा उघडला, आरशात स्वतःकडं एकदा राजासारखं बघितलं आणि कानापासून खाली पहिला हात मारला.

त्यानंतर जो आवाज माझ्या तोंडून निघाला तो ऐकून आमची मंगल स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच धावत आली.

"अहो, काय झालं? पाल का?"

"नाय... दाढी!"

वस्तरा केस कापत नव्हता, उपटत होता. एकेक केस धरायचा, त्याच्याशी झटापट करायचा आणि मुळासकट बाहेर काढायचा. अर्धा गाल होईपर्यंत माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि उरलेला गाल मी नेहमीच्या रेझरनं उरकला.

"द्या परत करून," मंगल म्हणाली. "खराब निघाला."

"लेकीनं दिलाय," मी म्हणालो. "परत कसा करणार?"

संध्याकाळी मोबाईलवर शोधल्यावर उलगडा झाला. व्हिडिओत एक गोरा माणूस शांतपणे सांगत होता, की नवा वस्तरा कारखान्यातून येतो तेव्हा त्याला दिसायला धार असते, दाढीची धार नसते. ती आपण दगडावर घासून, चामड्यावर ओढून काढायची असते. (हे सांगणाऱ्या माणसाला स्वतःला कमरेपर्यंत दाढी होती. तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती!)

आता मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग भिंगाखाली धरायचे आणि 'नाही' म्हणून मान हलवायची, हेच माझं आयुष्यभराचं काम. कारखान्यातून निघालेली वस्तू अपुरी आहे हे ऐकल्यावर माझ्यातला साहेब जागा झाला. म्हणलं, आपण नाही काढायची ही धार तर कोणी?

शहागंजात जाऊन दोन दगड आणले, एक खरखरीत आणि एक मऊ. दुकानातल्या चाचांनी माझ्याकडं खालीवर बघितलं.

"क्या धंदा है साब? मटन का?"

"नही, दाढी का."

"दो पत्थर? दाढी को?" त्यांनी माझ्या गालांकडं काळजीनं बघितलं. "कायको इत्ते गुस्से में हो?"

घरी आल्यावर दगड भिजत घातला. दगड पाण्यात चांगला मुरावा लागतो आणि घासताना वरून सारखं पाणी सोडावं लागतं. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येतं हे जाणणारा माणूस असं काही करणार नाही. मी बेसिनचा नळ सोडून, डोळे बारीक करून, पातं दगडावर सपाट ठेवून पुढं ढकलत होतो, उलटवत होतो, मागं आणत होतो. लई समाधान वाटत होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो! मी भांडी घासायला मापून पाणी घेते आणि तुम्ही दगडाला अंघोळ घालताय व्हय?"

"मंगल, पाणी नसलं तर धार बसत नाही."

"आणि पाणी संपलं तर मी तुमच्या घरात बसत नाही!"

मग मी बादलीभर पाणी घेऊन बाल्कनीत गेलो. घासून झालं की चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा ओढायचा. खास पट्टा कुठला आणणार? कमरेचा होता तोच बाल्कनीच्या कडीला अडकवला. इथं एक बारकी गोष्ट असते. दगडावर पातं धारेच्या बाजूनं ढकलायचं आणि पट्ट्यावर मात्र पाठीच्या बाजूनं ओढायचं. मी ही बारकी गोष्ट उलटी केली. पट्टा मधोमध कापला गेला आणि मला आनंदच झाला, की बघा, धार आली! दुसऱ्या दिवशी कारखान्यात दिवसभर एक हात खिशात घालून पॅन्ट धरून फिरलो तेव्हा आनंद ओसरला.

खरा घोळ मात्र पुढंच आहे. धार दाढीजोगी झाली की नाही हे गालावर बघायचं धाडस आता माझ्यात नव्हतं. व्हिडिओवाला म्हणाला, हातावरच्या केसांवर बघा. पातं अलगद फिरवायचं, केस पटकन उडाले तर धार आली. मी डाव्या हातावर फिरवलं. काही केस उडाले, काही वाकून परत उभे राहिले. म्हणजे अजून नाही. परत दगड, परत पट्टा (नवीन), परत हात. रोज कारखान्यातून आलो की माझा हाच कार्यक्रम. डावा हात संपला, उजवा घेतला. उजवा संपला, मग पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून नडग्यांवर आलो. थोड्याच दिवसांत माझ्या अंगावर जिथं हात पोचतो तिथं केस उरले नाहीत. जिथं उरले ते असे ठिपक्याठिपक्यांनी, जणू शेरडानं अर्धवट चरलेला बांध!

आमच्या समोर गाडेकर राहतात. गाडेकरांवर देवानं केसांची उधळण केलेली आहे. मनगटापासून सुरू होतात ते कुठं थांबतात हे फक्त गाडेकर वहिनींना माहीत. एकदा ते आमच्या बाल्कनीत येऊन माझं काम बघत उभे होते आणि कठड्यावर त्यांचा तो भरघोस हात ठेवलेला होता. माझी नजर हातावरून हलेना.

"गाडेकर," मी म्हणालो, "जरा हात देता का?"

"उचलायला?"

"नाय. बघायला."

गाडेकर मोठ्या मनाचा माणूस. त्यांनी हात दिला. मी पातं फिरवलं, बऱ्यापैकी केस उडाले आणि त्यांच्या हातावर विड्याच्या पानाएवढी गुळगुळीत जागा तयार झाली.

"आली की धार!" गाडेकर म्हणाले.

"अजून नाही. ओढतंय. तुम्हाला जाणवलं नाही?"

"मला वाटलं डास चावला."

ते घरी गेले. रात्री जेवताना वहिनींनी त्यांचा हात बघितला आणि विचारलं, "हे काय हो?" आता नवऱ्यानं बायकोला काय सांगायचं? शेजाऱ्यानं हात मागितला, मी दिला आणि त्यानं भादरला? गाडेकर घाबरले आणि म्हणाले, "काय की. आपोआप झालं."

आपोआप! या एका शब्दानं आमची सोसायटी हादरली.

गाडेकर वहिनी सकाळी दूध घेताना मला भेटल्या. मी बनियनवर होतो. त्यांनी माझे दोन्ही हात बघितले, मग नडग्या बघितल्या, हातातली दुधाची पिशवी छातीशी धरली आणि मागं मागं चालत घरात गेल्या. दुपारपर्यंत बातमी खालच्या मजल्यावर पोचली होती, की साळुंकेंना (म्हणजे मला) केस जायचा रोग झालाय आणि तो गाडेकरांना लागलाय. संध्याकाळी मी लिफ्टमध्ये शिरलो तर आतली माणसं "आम्हाला चालायचं सांगितलंय डॉक्टरांनी" म्हणत जिन्यानं गेली.

चेअरमनसाहेबांनी तातडीची मीटिंग घेतली. मी मागं पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसलो होतो. एकानं हवेत दोष काढला, दुसऱ्यानं भाजीत. मग कोणीतरी म्हणलं, "टँकर! नवा टँकरवाला लावल्यापासनं माझेपण केस गळतायत!" लगेच सगळ्यांनी आपापल्या डोक्यात हात घालून बघितलं आणि प्रत्येकाच्या हाताला एकदोन केस लागले. झालं! टँकर बंद करायचं एकमतानं ठरलं.

मी उठून सांगायला पाहिजे होतं. उठलोही होतो. पण पुढच्या रांगेतून गाडेकरांनी मागं वळून माझ्याकडं असं काही बघितलं, हात जोडल्यासारखं, की मी "सभेला चहा ठेवायचा का?" एवढंच विचारलं आणि खाली बसलो. (नको म्हणाले. माझ्या घरचा होता ना!)

आणि बरोबर त्या शनिवारी ऋतुजाला बघायला पैठणची मंडळी यायची होती.

मुलगा सौरभ, पुण्यात ऋतुजाच्याच कंपनीत. दोघांचं आधीच जमलेलं होतं, फक्त आईबापांनी चहा पिऊन ते नव्यानं जमवायचं होतं. ऋतुजा पहाटे पुण्याहून आली, बाथरूममध्ये गेली आणि लगेच बाहेर आली.

"मम्मी, नळाला पाणी नाही."

"टँकर बंद केलाय," मंगल म्हणाली.

"का?"

"बिल्डिंगमध्ये रोग आलाय."

"कसला?"

मंगलनं माझ्याकडं बोट केलं. मी बाह्या वर केल्या. ऋतुजानं माझे हात बघितले, टेबलावरचा वस्तरा बघितला, परत हात बघितले. हुशार पोरगी आहे, लगेच कळलं तिला.

"पप्पा!" ती ओरडली. "आज तरी बाह्या खाली ठेवा. आणि प्लीज, आज दाढीचा विषय काढू नका!"

काढला नसता हो! पण पाहुणे गेटवर आले तेव्हा आमचा वॉचमन किसन पुढं झाला आणि कर्तव्यबुद्धीनं म्हणाला, "साळुंके साहेबांकडं चालला का? जपून जा बरं. केस जायचा रोग हाय तिथं. हात मिळवू नका."

पाहुणे वर आले तेव्हा सगळ्यात पुढं मुलाचे वडील आप्पासाहेब होते. त्यांनी दारातच टोपी काढली. डोकं चिंचोक्यासारखं तुळतुळीत!

"खाली रोगाचं सांगत व्हते," ते मोठ्यानं हसले. "म्हणलं, आपल्याला कशाचं भ्या? आपलं जायचं ते जाऊन बसलंय!"

मला माणूस एकदम आवडला. पण त्यांच्या मागून आलेल्या सौरभच्या आई हसत नव्हत्या. त्यांनी सौरभचा हात धरून ठेवला होता. सौरभचं केसाळ डोकं बघितल्यावर त्यांची काळजी माझ्या लक्षात आली. घरात एवढं एकच पीक उभं होतं.

पोहे आले. मी बश्या देऊ लागलो आणि देताना शर्टाची बाही सरकली. सौरभच्या आईंची नजर माझ्या मनगटावर गेली आणि तिथंच थांबली. बशी आमच्या दोघांच्या मधे हवेत राहिली.

"हे..." त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या घरात पहिल्यापासून आहे का?"

"नाय नाय! परवापरवाच..."

"आणि मुलीला?"

ऋतुजाचे डोळे भरून आले. मंगलनं पदराचं टोक मुठीत आवळलं. तेवढ्यात दारात गाडेकर, गाडेकर वहिनी आणि चेअरमनसाहेब उभे. चेअरमनांना टँकरचं विचारायचं होतं, कारण सगळ्या बिल्डिंगच्या टाक्या कोरड्या पडल्या होत्या.

लेकीचा चेहरा बघून मला राहवलं नाही. "थांबा," मी म्हणालो. "हा रोग नाही. मी दाखवतो काय आहे ते."

मी आत गेलो आणि उघडा वस्तरा हातात घेऊन बाहेर आलो.

आता मला कळतंय की आधी सांगायचं असतं आणि मग वस्तरा आणायचा असतो. सौरभच्या आईंनी किंकाळी फोडली. आप्पासाहेब बशी घेऊन सोफ्याच्या मागं गेले. चेअरमन म्हणाले, "साळुंके, टँकर चालू करू आपण, वस्तरा खाली ठेवा!"

"अहो, हे माझे मीच भादरलेत!" मी ओरडलो. "धार बघायला! लेकीनं दिलेला वस्तरा, त्याला दाढीजोगी धार येईना, म्हणून रोज हातावर फिरवून बघत होतो! आणि गाडेकरांचा हातपण मीच भादरला!"

गाडेकर वहिनी सावकाश नवऱ्याकडं वळल्या. "आपोआप?"

गाडेकर भिंतीकडं बघू लागले.

"असं कुठं असतं का?" सौरभच्या आई सोफ्याच्या कडेवरून म्हणाल्या. "एवढा मोठा माणूस रोज स्वतःचे हात कशाला भादरंल? काहीतरी लपवताय तुम्ही."

त्यांचंही बरोबर होतं. मला स्वतःला ऐकताना ते पटत नव्हतं. करून दाखवल्याशिवाय सुटका नव्हती. मी बाही वर केली. हातावर केसच नाहीत! पॅन्ट वर केली. तिथंही काही शिल्लक नाही. गाडेकरांकडं बघितलं, तर ते चेअरमनांच्या मागं गेलेले. सगळे माझ्याकडं बघतायत आणि माझ्याकडं दाखवायला एक केस नाही.

मग आठवलं. एक जागा होती.

माझी मिशी म्हणजे साधीसुधी मिशी नव्हती. लग्नात मंगलच्या बहिणींनी मुलगा नाही, मिशी बघून होकार दिला होता. कारखान्यात मला नावानं कमी आणि 'मिशीवाले साहेब' म्हणूनच जास्त ओळखतात.

"अहो, नको!" मंगल ओरडली. तिला कळलं होतं.

"पप्पा!" ऋतुजापण उठली.

पण मी शोकेसच्या काचेत बघून पातं लावलं होतं. मला खात्री होती, की दोनचार केस ओढले जातील, मला कळ येईल, डोळ्यांत पाणी येईल आणि यांना पटेल.

पातं लोण्यातून जावं तसं गेलं. आवाज नाही, कळ नाही, काही नाही! डाव्या बाजूची अख्खी मिशी सुटली, हवेत एक गिरकी घेतली आणि माझ्याच पोह्यांच्या बशीत जाऊन पडली.

मी थक्क झालो. ओठावर बोट फिरवलं. काचेसारखं गुळगुळीत! एवढे दिवस ज्यासाठी दगड घासले, पट्टे कापले, ती धार आली होती!

"आली!" मी नाचलोच. "मंगल, धार आली! गाडेकर, बघा, आली! ऋतुजा, आली गं तुझ्या वस्तऱ्याला धार!"

अर्धी मिशी असलेला बाप हातात उघडा वस्तरा घेऊन घरभर नाचतोय, हे दृश्य मुलगी बघायला आलेल्यांना सहसा बघायला मिळत नाही. पहिल्यांदा सौरभ फुटला. हसताहसता तो खुर्चीवरून घसरला. मग ऋतुजा, डोळ्यांतलं पाणी पुसायचं राहूनच गेलं तिचं. मग गाडेकर वहिनी. सौरभच्या आई बराच वेळ ओठ दाबून बसल्या होत्या, पण माझी नजर बशीतल्या मिशीकडं गेली आणि मी सवयीनं तिच्यावर लिंबू पिळायला गेलो, तेव्हा त्यांचाही बांध फुटला.

आप्पासाहेब सोफ्यामागून बाहेर आले. "रोग नाय हा," ते बायकोला म्हणाले. "नुसता येडेपणा हाय."

"मग तो वारशानं येतो का?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"आला तर येऊ दे. आपल्या घरात बी कुठं कमी हाय?" आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "द्या बघू तो वस्तरा हिकडं. माझ्या हातावर फिरवून बघतो."

"अजिबात नाय!" दोन्ही आया एकदम ओरडल्या. सोयरीक जमली ती त्या क्षणाला, असं माझं मत आहे.

टँकर त्याच संध्याकाळी चालू झाला. पुढच्या मीटिंगमध्ये मला सगळ्यांची माफी मागायला लावली आणि गाडेकरांना पाण्याच्या टाकीवर देखरेख ठेवायची शिक्षा मिळाली, ती चेअरमनांनी नाही, वहिनींनी दिली. उरलेली अर्धी मिशी मी त्याच दिवशी काढून टाकली. सोमवारी कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीनं ओळखपत्रावरचा फोटो आणि माझा चेहरा बराच वेळ ताडून बघितला आणि "साहेब तुमचे कोण लागतात?" म्हणून विचारलं.

साखरपुडा पैठणला झाला. तोवर मी वस्तऱ्यानंच दाढी करायला शिकत होतो. धार आता होती, हात नव्हता. गालावर इथं एक चिरा, हनुवटीखाली तिथं एक राहिलेला पुंजका, वरच्या ओठावर कापसाचा बोळा, अशा थाटात मी मांडवात उभा होतो. मिशी नसल्यानं आमचेच पाहुणे "मुलीचे वडील कुठं दिसंनात" म्हणून मलाच विचारून जात होते. पंगतीत सौरभच्या आत्यानं मला हाक मारली, "ओ भाऊ, हिकडं जिलबी आणा की!" मी आजूबाजूला बघितलं, दुसरं कोणी नव्हतं. मग जिलबीचं ताट उचललं आणि अख्ख्या पंगतीला आग्रह करकरून वाढली. काय सांगत बसणार!

नंतर आत्याबाईंनी मंगलकडं त्याचं कौतुक केलं म्हणे. "तुमचा तो केटररचा माणूस लई अदबीचा हाय हो," त्या म्हणाल्या. "फक्त त्याला सांगा, समारंभाला येताना एखाद्या चांगल्या माणसाकडनं दाढी तेवढी करून येत जा!"